झाकलेला रकाना : कोरियन डेटिंग शो बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कोरियातल्या डेटिंग कार्यक्रमांचे पीडी (म्हणजे निर्माते-दिग्दर्शक) आणि लेखकमंडळी,
सोल

स. न. वि. वि.

मी डोंबिवलीत 22 वर्षं वधू-वर सूचक मंडळ चालवते. मंडळ म्हणजे फार काही समजू नका. घराची बाहेरची खोली, एक लोखंडी कपाट, प्लास्टिकच्या आठ खुर्च्या आणि रविवारी सकाळी साडेनऊ ते एक ही वेळ. आता स्थळं व्हॉट्सॲपवर येतात, तरी जाड पुठ्ठ्याची नोंदवही मी सोडलेली नाही. तिच्यात पहिला रकाना नावाचा, दुसरा जन्मतारखेचा. मग उंची, शिक्षण, नोकरी, पगार, पोटजात, गोत्र, नाडी, स्वतःचं घर आहे की भाड्याचं, आणि सगळ्यात शेवटी सगळ्यात रुंद रकाना 'अपेक्षा'. माणूस बोलायला कसा आहे, याला रकाना नाही. तो नाही हे इतकी वर्षं माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तुमच्यामुळे आलं, म्हणून हे पत्र.

जानेवारी 2022 ची गोष्ट. करोनाची तिसरी लाट, मी आणि भाची दोघी पॉझिटिव्ह, एकाच खोलीत बंद. तिने तुमच्या 'सिंगल्स इन्फर्नो' या डेटिंग शोचं पहिलं पर्व लावलं. ओसाड बेट, पोहण्याच्या कपड्यांतली पोरं-पोरी. मी म्हटलं, हे आमच्याकडे 2008 पासून 'स्प्लिट्सव्हिला'त चालू आहे, आता भांडतील, शिव्या देतील, मग रडतील. तसं झालं नाही. एक मुलगा एका मुलीशेजारी येऊन बसला, त्याला काय बोलावं ते सुचेना, आणि तुम्ही ते न सुचणं कापून टाकलं नाहीत. तो गप्प, ती गप्प, मागे समुद्र. माझ्या खोलीतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ही शांतता मी शेकडो वेळा पाहिली आहे. फरक एवढाच, की माझ्याकडे तेवढ्यात मुलाची आई म्हणते, "आमचा फार मितभाषी आहे हं," आणि विषय पगारावर जातो.

मग तुमचा नियम कळला. बेटावर असेपर्यंत कुणी कुणाला वय सांगायचं नाही, काय काम करतो ते सांगायचं नाही. दोघांनी एकमेकांना निवडलं तर हेलिकॉप्टरने आलिशान हॉटेलात जायचं, आणि तिथेच काय ते सांगायचं. परत आल्यावर बाकीच्यांपाशी तोंड मिटून बसायचं. भाची हेलिकॉप्टर बघत होती, मी नियम बघत होते. माझ्या वहीतला दुसरा रकाना आणि पाचवा रकाना तुम्ही चक्क हाताने झाकून ठेवला होतात. आधी माणूस बघा, मग माहिती. माझ्या धंद्यात हे उलट चालतं. माहिती जुळली तरच माणूस बघायला मिळतो.

तेव्हापासून मी तुमचं मिळेल ते बघते. भाची कुठून कुठून शोधून देते. 2017 चा 'हार्ट सिग्नल' पाहिला, एका घरात राहणारी मुलं-मुली रोज रात्री आवडलेल्या व्यक्तीला निनावी मेसेज पाठवतात तो. एकेका मेसेजसाठी चेहऱ्यावर कॅमेरा इतका वेळ ठेवलेला असतो, की तेवढ्यात आमच्या मालिकेतली सासू तीनदा वळून बघेल. पण गंमत म्हणजे कंटाळा येत नाही. एकाने कोळंबी सोलून दुसऱ्याच्या ताटात ठेवली की स्टुडिओतले तुमचे पाहुणे "आई गं" म्हणून तोंडावर हात धरतात. हे पाहुणे म्हणजे तुमची मोठीच हुशारी. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसलेल्या मावश्यांचं काम ते करतात, कोण कुणाकडे बघतंय, कोण उगीच पाणी आणायला उठलं. 'सिंगल्स इन्फर्नो'तली होंग जिन-ग्योंग तर मला माझ्या थोरल्या नणंदेसारखी वाटते. शिवाय दुसऱ्या पर्वात मधूनच बेटावर उतरलेल्या डेक्स नावाच्या स्पर्धकाला तुम्ही तिसऱ्या पर्वात याच मावश्यांमध्ये आणून बसवलंत. आमच्याकडेही लग्न झालेली मुलगी पुढच्या लग्नात सल्ले द्यायला बसतेच.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाला जितकी कळते, तितकी इंग्रजी सबटायटलवर अवलंबून असलेल्या अमेरिकन प्रेक्षकाला कळत नसेल, अशी माझी खात्री आहे. वय कळेपर्यंत तुमची ही मुलं एकमेकांच्या नावाला 'शी' जोडून अगदी आदराने बोलतात. मग कधीतरी एकजण विचारतो, आणि खाली इंग्रजीत येतं, 'आपण मोकळेपणाने बोलूया का?' भाचीची एक मैत्रीण कोरियन शिकते. ती म्हणाली, मूळ शब्द आहेत 'बोलणं खाली ठेवूया का'. हातातली जड पिशवी खाली ठेवावी तसं. मला ते इतकं पटलं! आमच्याकडे "गच्चीवर जाऊन बोला जरा" म्हणून पाठवलेली दोघं पाऊण तासाने खाली येतात, तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नाही. 'तुम्ही'चं 'तू' झालंय का तेवढं ऐकते. झालं असेल तर पुढच्या भेटीची तारीख मनात धरून ठेवते. त्या एवढ्याशा बदलासाठी तुम्ही अख्खा भाग खर्च करता, यातच तुमचं यश आहे.

आणि 'ट्रान्झिट लव्ह'! 2021 मध्ये टीव्हिंग या कोरियन ओटीटीवर आलेला. ताटातूट झालेल्या जोड्या एकाच घरात राहणार, कोण कुणाचं पूर्वीचं हे इतरांना सांगायचं नाही. ऐकूनच मी कपाळाला हात लावला होता. पण त्यात प्रत्येकाची ओळख करून देणारं पत्र त्याच्या पूर्वीच्या जोडीदाराने लिहिलेलं असतं. मी 22 वर्षांत हजारो बायोडेटा वाचले. सगळे आईवडिलांनी लिहिलेले, सगळी मुलं 'मनमिळाऊ, निर्व्यसनी, घरकामाची आवड'. ज्याने आपल्याला सोडलं, किंवा ज्याला आपण सोडलं, त्याने लिहिलेलं 'ही रागावली की बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी आपणहून डबा भरून देते' अशा धर्तीचं पत्र एकदा तरी माझ्या वहीला टाचून मिळावं. ते मिळणार नाही, हे मला माहीत आहे. इथे पूर्वीचं कुणी होतं हेच लपवण्यात निम्मी शक्ती जाते.

इथवर कौतुक झालं. आता तक्रार.

तुम्ही रकाना झाकता, पण वही आधीच चाळून झालेली असते. बेटावर पोचायच्या आधी तुमच्या ऑफिसात कुणीतरी बसून फोटो बघितलेले असतात, आणि बेटावर येतात मॉडेल, ट्रेनर, यूट्यूबर. 'हार्ट सिग्नल'च्या घरात वकील आणि डॉक्टर. सगळे पंचविशीच्या आसपास, सगळे उंच, सगळ्यांचे दात सरळ. मग वय आणि नोकरी झाकल्याने काय बिघडणार आहे? ज्या चाळणीतून मी निदान उघडपणे चाळते, तीच तुम्ही पडद्यामागे लावता आणि वर म्हणता, बघा, यांनी फक्त मन पाहिलं. पत्ता झाकलेला असला तरी पाकीट कुठल्या कागदाचं आहे ते दिसतंच हो. खरी परीक्षा घ्यायची तर दाराआड बसून हाताने निवड करणं थांबवा. एखादा कुरिअर कंपनीतला मुलगा पाठवा त्या हॉटेलात, एखादी चाळिशीची, अंगावर घरकर्ज असलेली बाई. त्यांनी वय सांगितल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, तेव्हा ठेवा कॅमेरा दोन मिनिटं.

गोरेपणाचंही तसंच. 'सिंगल्स इन्फर्नो'च्या पहिल्याच पर्वात एका मुलाने एका मुलीबद्दल, ती किती गोरी आणि निर्मळ दिसते, अशा अर्थाचं कौतुक केलं आणि कोरियाबाहेरचे प्रेक्षक भडकले. आता तुम्ही म्हणाल, रविवारच्या पेपरातल्या जाहिरातींत 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप' छापणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये. बरोबर आहे. माझ्या वहीत आजही वर्णाचा रकाना आहे, आणि तो काढला तर लोक फोन करून विचारतात. पण तुमचा रकाना जगभर दिसतो. कल्याणमधली एक सावळी मुलगी मला म्हणाली, "काकू, मला ते शो आवडतात, पण त्यात मी कुठेच नाही." तिला मी काय सांगणार होते?

याच पर्वातल्या सगळ्यात लोकप्रिय मुलीचे काही ब्रँडेड कपडे नकली निघाले आणि जानेवारी 2022 मध्ये तिने हाताने माफीनामा लिहून टाकला. लोकांनी तिला सोलून काढलं. तिची चूक होती, मान्य. पण श्रीमंती, राहणीमान, दिसणं यांवरच तुमचा अख्खा दिखावा उभा आहे, आणि आरसा धरला तिच्याच तोंडापुढे.

'आय ॲम सोलो'बद्दल मला जास्त लिहायचंय, कारण माझ्या धंद्याच्या सगळ्यात जवळचा कार्यक्रम तोच. जुलै 2021 पासून चालू आहे. तिथे चेहरे साधे असतात. केस विरळ झालेले, बोलताना अडखळणारे, आईची आठवण काढून रडणारे. खरं नाव घ्यायचं नाही म्हणून तुम्ही पुरुषांना यंग-सू, यंग-हो, ग्वांग-सू आणि बायकांना सून-जा, यंग-सूक, ओक-सून अशी नावं देता. ही नावं म्हणे आजी-आजोबांच्या पिढीतली. म्हणजे आयटीतल्या पोराला तुम्ही दत्तात्रय म्हणायचं आणि बँकेतल्या मुलीला इंदुमती! मला ही युक्ती फार आवडते. ओक-सून हे नाव जिला मिळालं ती त्या तुकडीतली देखणी, असा प्रेक्षकांचा ठोकताळाही झालाय.

पण तिथेच ते नूडल्स आहेत. डेटसाठी ज्याला कुणीच निवडलं नाही, त्याने काळ्या सोयाबीनच्या सॉसातले जाजांगम्योन एकट्याने खायचे. तुमच्याकडे 14 एप्रिलला एकटे जीव हेच नूडल्स खातात, तो विनोद मला माहीत आहे. विनोद म्हणून पहिल्यांदा मीही हसले. पाचव्या-सहाव्यांदा एक पस्तिशीचा माणूस वाटीत तोंड घालून भराभर खाताना पाहिला आणि मला आमच्या मेळाव्यातला एक मुलगा आठवला. दर वर्षी येतो, नाश्त्याची प्लेट घेऊन खांबाला टेकून उभा राहतो, कुणी शेजारी आलं की मोबाईल काढतो. त्याच्या प्लेटवर मी कॅमेरा लावला असता, तर पुढच्या वर्षी तो आला असता का? आमच्या गावाकडे पंगतीत कुणाचं पान एकटं पडू देत नाहीत. वाढणारा स्वतःचं ताट घेऊन शेजारी बसतो.

हे काही नवं नाही. 'आय ॲम सोलो'च्याच दिग्दर्शकाने, नाम ग्यु-होंग यांनी, त्याआधी एसबीएस वाहिनीवर 'जाक' हा डेटिंग शो केला होता. 2011 ते 2014. तिथे तर नावंही नव्हती, पुरुष क्रमांक 1, स्त्री क्रमांक 2. ज्याला जेवणाच्या डब्यासाठी जोडीदार मिळाला नाही त्याने एकट्याने जेवायचं, ही पद्धत तिथलीच. मार्च 2014 मध्ये जेजू बेटावर शूटिंग चालू असताना एका सहभागी स्त्रीने आत्महत्या केली आणि वाहिनीने कार्यक्रम बंद केला. त्या बाईच्या मनात काय होतं, हे मला ठाऊक नाही आणि त्यावर मी बोलणार नाही. फक्त एवढंच विचारते, की त्यानंतर सात वर्षांनी जेव्हा नवा कार्यक्रम उभा राहिला, तेव्हा एकट्याच्या जेवणाचा तो भाग पुन्हा घ्यावा असं कुणाला वाटलं, आणि बैठकीत एकानेही हात वर केला नाही का?

शिवाय कार्यक्रम संपल्यावरचं. 2023 मधली 16 वी तुकडी घटस्फोटितांची होती, देशभर गाजली. कुणीतरी कुणाबद्दल अर्धवट ऐकलं, पुढे सांगितलं, त्याने तिसऱ्याला विचारलं, आणि पाच-सहा दिवसांत सगळं घर कानगोष्टींनी फाटलं. चाळीत वाढलेल्या माणसाला हे नवीन नाही. चाळीत मात्र दोन दिवसांनी कुणीतरी मध्ये पडतं आणि चहा होतो. तुमच्याकडे ते कापून, जोडून, संगीत लावून आठवडे न् आठवडे दाखवलं गेलं, आणि त्यातल्या काहींना जाहीर माफी मागावी लागली. संपादनाला तुमच्याकडेच 'सैतानाचं संपादन' असा शब्द आहे म्हणतात. शब्द आहे म्हणजे दुखणं जुनं आहे. माझ्याकडे एखादं स्थळ मोडलं तर मी दोन्ही घरी फोन करते, महिनाभराने पुन्हा करते. रडणाऱ्या मुलीचं रडणं मी कुणाला दाखवत नाही. तुमच्याकडे हा दुसरा फोन कोण करतं?

घटस्फोटितांच्या 'डोल्सिंगल्स' या शोबद्दल थोडंच. तुमच्याकडे घटस्फोटिताला 'परत आलेला सिंगल' म्हणतात, हे फार गोड आहे. आमच्या फॉर्मवर अजून 'प्रथम विवाह / पुनर्विवाह' असं तिरक्या रेघेने कापलेलं असतं. पण त्यात आपल्याला मूल आहे की नाही हे शेवटाकडे, धक्का द्यावा तसं उघड करता, त्यावर माझं तुमच्याशी भांडण आहे. वय झाका, पगार झाका, पदवी झाका. मूल ही माहिती नव्हे हो. ते घरी आजीपाशी बसून टीव्हीत आईला बघत असतं. माझ्या वहीत एका बाईने अपत्याच्या रकान्यात 'आहे' एवढंच न लिहिता मुलाचं नाव, इयत्ता आणि त्याला कैरीचं लोणचं आवडतं असं लिहिलं होतं. तिचं लग्न तिसऱ्या महिन्यात जमलं. लोणच्यामुळे जमलं असं मी म्हणत नाही, पण त्या घरात ते पहिल्याच भेटीला बरणीतून आलं होतं.

तुमच्या देशातलं चित्र मला वाचून माहीत आहे. जननदर 2023 मध्ये बाईमागे 0.72 मुलांवर आला, 2024 मध्ये जेमतेम 0.75. प्रेम, लग्न, मूल तिन्ही सोडून दिलेल्या तरुणांना 'सांपो' पिढी म्हणतात. सोंगनाम शहराच्या पालिकेने अविवाहितांचे मेळावे भरवले, म्हणजे माझंच दुकान सरकारी झालं. बौद्ध मठांतही मुलामुलींना गाठ घालून द्यायला बोलावतात आणि त्या उपक्रमाचं नाव तुमच्या 'आय ॲम सोलो'वरून कोटी करून ठेवलंय, हे वाचून मी दिवसभर हसत होते. ज्यांना ऑफिसातून सुटायला रात्रीचे दहा वाजतात, त्यांना तुमच्या कार्यक्रमातलं सगळ्यात मोठं सुख हॉटेल नसणार. कुणाकडे तरी बघत बसायला मिळालेला रिकामा वेळ, ते असणार. इथे सातची फास्ट लोकल पकडणाऱ्यांनाही तेच वाटतं.

आणखी एक. 2022 मध्ये तुमच्याकडे दोन पुरुषांच्या, दोन बायकांच्या प्रेमाचे कार्यक्रमही आले. माझ्या वहीत त्यासाठी रकानाच नाही, आणि विचारायला आलेल्या एका आईला मी चहा पाजून परत पाठवलं होतं. त्याची मला अजून लाज वाटते. इथे तुम्ही माझ्या पुढे आहात.

आता माझी गोष्ट सांगते आणि पत्र संपवते. 2023 च्या दिवाळीनंतरच्या मेळाव्यात मी तुमची नक्कल केली. दारातच सगळ्यांच्या छातीवर बिल्ले लावले, फक्त पहिलं नाव. वय, आडनाव, नोकरी, पगार चहा होईपर्यंत सांगायचा नाही. पालकांना शेजारच्या खोलीत बसवलं. पहिल्या दहा मिनिटांत एका वडिलांनी दारातून डोकावून एका मुलीला "गोत्र कोणतं गं बाळ?" विचारलंच. दोघं जण बिल्ला उलटा लावून फिरत होते. पण खांबाला टेकून उभा राहणारा तो मुलगा त्या दिवशी पाऊण तास एका मुलीशी बोलत होता, मोबाईल खिशात. चहा झाला, फॉर्म वाटले. ती त्याच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी निघाली. त्याच्या आईने फॉर्मची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली, परत उघडली नाही.

मुलगी जाताना चपला घालत मला म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी चहा जरा उशिरा ठेवा."

पुढच्या वर्षी मी चहा अडीच तासांनी ठेवला. तुमच्याकडे तर अख्खं बेट आहे, हेलिकॉप्टर आहे, दोन दिवस जास्त द्यायला काय हरकत आहे?

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित प्रेक्षक,
वधू-वर सूचक मंडळवाल्या काकू, डोंबिवली पूर्व

ता. क. : नूडल्स खाणाऱ्याच्या समोर तुमचा कॅमेरामन बसलेला असतो. त्यालाही भूक लागत असणार. एकदा त्याचीही वाटी मागवा आणि कॅमेरा स्टँडवर ठेवून दोघांना जेवू द्या.